दुबईत मुलांसाठी शाळा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुबईच्या नोकरीचं पत्र आलं की घर कुठे घ्यायचं याच्याही आधी शाळेचा प्रश्न उभा राहतो. तिथे भारतीय मुलं खासगी शाळांतच शिकतात. या शाळांचे अभ्यासक्रम, वर्षारंभ आणि फी इतक्या वेगवेगळ्या असतात की पहिल्या आठवड्यातच डोकं चक्रावतं. खालची उत्तरं पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून, गोव्याहून निघणाऱ्या पालकांची गरज लक्षात घेऊन लिहिली आहेत. नियम दुबई अमिरातीचे आहेत. अबू धाबी आणि शारजा वेगळे कुठे पडतात ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

शोध नेमका कुठून सुरू करायचा?

शेवटाकडून. मूल दहावीला आणि बारावीला कुठल्या देशात असेल, हे आधी ठरवा. पक्कं माहीत नसेल तर अंदाज बांधा, पण तो कागदावर लिहा. दोन वर्षांचा करार असेल आणि मूल तिसरीत असेल तर ते पाचवीत परत येणार, म्हणजे भारतात सहज बसेल असा अभ्यासक्रम हवा. मूल सातवीत असेल आणि तुम्ही पाच-सहा वर्षं राहणार असाल तर बारावी दुबईतच होणार. मग प्रश्न शाळेचा कमी आणि कॉलेजचा जास्त. शाळेची इमारत, पोहण्याचा तलाव, ओळखीच्यांची मुलं कुठे जातात, हे सगळं त्यानंतर. हा क्रम उलटा झाला की नववीत धावपळ होते, आणि नववीत शाळा बदलणं फार महागात पडतं. पैशांपेक्षाही मुलाला.

‘इंटरनॅशनल’ नाव असलेली प्रत्येक शाळा आंतरराष्ट्रीय असते का?

नाही. हा शब्द कुणीही पाटीवर लावू शकतं. पाटीऐवजी मान्यता बघा. सीबीएसई शाळेला संलग्नता क्रमांक असतो आणि ती कुठल्या इयत्तेपर्यंत आहे ते सीबीएसईच्या संकेतस्थळावर दिसतं. नवी शाळा आठवीपर्यंतच मान्य असेल तर नववीला काय, हे आजच विचारा. आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाच्या बाबतीत ‘अधिकृत शाळा’ आणि ‘उमेदवार शाळा’ यांत मोठा फरक आहे. उमेदवार शाळेला अजून मान्यता मिळालेली नसते, ती मिळवण्याच्या वाटेवर असते. शिवाय मान्यता कार्यक्रमागणिक वेगळी असते: प्राथमिकची असेल म्हणून डिप्लोमाची, म्हणजे शेवटच्या दोन वर्षांची असेलच असं नाही. ब्रिटिश शाळांसाठी ब्रिटिश सरकारच्या मान्यतेने होणारी परदेशी ब्रिटिश शाळांची तपासणी असते, आणि परीक्षा केंब्रिज, पिअर्सन की एक्यूए यांपैकी कुठल्या मंडळाच्या, हेही विचारून घ्या. पुढे निकालाच्या तारखा त्यावर ठरतात.

सीबीएसई, ब्रिटिश की आयबी?

चांगलं-वाईट असं काही नाही. कुणाला काय सोसतं, एवढाच प्रश्न आहे.

सीबीएसई: भारतात परत यायचं असेल, किंवा जेईई-नीट द्यायची असेल, तर हा सरळ रस्ता आहे. दोन्ही परीक्षांचा पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांत आहे. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि फी इतरांपेक्षा बरीच कमी असते. अडचण वर्गाच्या आकाराची: एका तुकडीत तीस-पस्तीस मुलं सर्रास दिसतात. लाजऱ्या मुलाकडे कुणाचं लक्ष जात नाही, ही तक्रार खोटी नसते.

ब्रिटिश: सोळाव्या वर्षी जीसीएसई किंवा आयजीसीएसई (आपल्या दहावीच्या जागी), मग दोन वर्षं ए-लेव्हल (अकरावी-बारावीच्या जागी). ए-लेव्हलला मूल साधारण तीनच विषय घेतं आणि ते खोलवर शिकतं. गणित आणि विज्ञान मनापासून आवडणाऱ्या, पण दहा विषयांच्या ओझ्याखाली कोमेजणाऱ्या मुलाला हे फार मानवतं. धोका असा की सोळाव्या वर्षी सोडलेला विषय परत मिळत नाही. रसायनशास्त्र सोडलं तर मेडिकल संपलं.

आयबी: डिप्लोमाला सहा विषय, तीन वरच्या पातळीवर आणि तीन साध्या. वरच्या पातळीला २४० तास शिकवणं अपेक्षित असतं, साध्याला १५०. शिवाय ४००० शब्दांपर्यंतचा निबंध, ज्ञानमीमांसेचा विषय आणि सर्जनशीलता-खेळ-सेवा यांचा भाग. सहा विषयांचे प्रत्येकी ७ आणि निबंध व ज्ञानमीमांसा मिळून ३, असे एकूण ४५ गुण, डिप्लोमासाठी किमान २४ लागतात. लिहिण्याची आवड आणि वेळेची शिस्त असलेल्या मुलाला आयबी घडवतं. काम शेवटच्या रात्रीवर ढकलणाऱ्या मुलाची मात्र त्यात दमछाक होते.

पाचवीच्या आतल्या मुलासाठी इतका विचार करू नका. त्या वयात बोर्डापेक्षा वर्गशिक्षिका महत्त्वाची असते.

पुढे भारतात इंजिनिअरिंग किंवा मेडिकल करायचं असेल तर?

इथे पालक सर्वांत जास्त फसतात, म्हणून सविस्तर.

पहिली गोष्ट निकालाच्या तारखेची. सीबीएसई बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. आयबीचा मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो. ए-लेव्हलच्या मे-जून सत्राचा निकाल मात्र ऑगस्टच्या मध्यावर, आणि तोवर आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशफेऱ्या आटोपलेल्या असतात. मुलाला जागा मिळते, पण दाखवायला बारावीची गुणपत्रिका नसते. केंब्रिजचं मार्च सत्र फक्त भारतातल्या शाळांसाठी आहे, दुबईत नाही. म्हणून भारतात प्रवेश घ्यायचाच असेल तर ए-लेव्हलचे विषय आधीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा जानेवारी सत्रात पूर्ण करता येतील का, हे ब्रिटिश बाराव्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या सुरुवातीलाच शाळेशी बोलून घ्या. शेवटच्या वर्षी विचारलं तर उशीर झालेला असतो.

दुसरी गोष्ट विषयांची. इंजिनिअरिंगला भौतिक, रसायन, गणित. नीटसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी. ए-लेव्हलला हे तिन्ही विज्ञान विषय पूर्ण ए-लेव्हल म्हणून घ्यायचे. एएस-लेव्हलवर, म्हणजे ए-लेव्हलच्या पहिल्या वर्षानंतर सोडलेला विषय अकरावीइतकाच धरला जातो. आयबीत अडचण वेगळी आहे. सहा गटांतून प्रत्येकी एक विषय घ्यायचा असतो. दुसरा विज्ञान विषय कलेच्या गटाऐवजी घेता येतो. तिसरा घ्यायचा तर तो नियमाबाहेरचा डिप्लोमा ठरतो आणि विद्यापीठाची तशी अट असल्याचा पुरावा देऊन आयबीची परवानगी काढावी लागते. ही परवानगी शाळा मागते, पालक नाही. म्हणून अकरावीच्या प्रवेशापूर्वीच विचारा: ‘याआधी तुमच्या शाळेतल्या कुणी तीन विज्ञान विषय घेतले आहेत का?’ उत्तर अडखळत आलं तर समजून घ्या. गणिताचेही दोन प्रकार आहेत. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने ‘ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस’ वरच्या पातळीवर घ्यावं. दुसरा प्रकार सोपा वाटतो म्हणून घेतला तर परदेशातली बरीच विद्यापीठं तो चालवून घेत नाहीत.

तिसरी गोष्ट महाराष्ट्राची. राज्यातल्या मेडिकलच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, खासगी नोकरीनिमित्त दुबईत असणाऱ्यांना ते लागू होत नाहीत. आई-वडील सातारचे, रेशनकार्ड सातारचं, पण मुलाची दहावी दुबईत झाली, तर तो या कोट्यातून बाहेर पडतो. मग उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं आणि एनआरआय जागा, आणि एनआरआय जागांची फी घराच्या किमतीच्या भाषेत मोजावी लागते. मूल डॉक्टर व्हायचं म्हणत असेल तर नववीच्या आधी घरात यावर मोकळी चर्चा व्हायला हवी. इंजिनिअरिंगला नियम वेगळे आहेत. सीईटी कक्षाच्या माहितीपुस्तिकेत उमेदवारीचे प्रकार दिलेले असतात, त्यात आपण कुठे बसतो ते त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघा.

एनआयटींसाठी ‘दासा’ योजना आहे, म्हणजे परदेशातल्या विद्यार्थ्यांना थेट प्रवेश. प्रवेश जेईई मेनच्या गुणवत्तेवर होतो. त्यातच आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळा गट आहे, त्यांना फी भारतातल्या मुलांइतकीच पडते. म्हणजे आखातात शिकण्याचा तोटाच होतो असं नाही. फक्त दार कुठलं ते माहीत हवं.

परदेशी बोर्डाच्या मुलाला भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्रही लागू शकतं. ते निकालानंतर लगेच काढून ठेवा.

कुठल्या वर्षी शाळा अजिबात बदलू नये?

दहावी आणि बारावी. सीबीएसईत विद्यार्थ्याची नोंदणी नववीत आणि अकरावीत होते, आणि थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश फक्त पालकांच्या बदलीसारख्या कारणाने, मंडळाच्या परवानगीने मिळतो. ब्रिटिश दहावं-अकरावं वर्ष आणि आयबी डिप्लोमाची दोन वर्षं हा एकच सलग अभ्यासक्रम आहे. तो मध्येच तोडला तर विषय जुळत नाहीत.

ब्रिटिशमधून सीबीएसईत यायचं असेल तर उशिरात उशिरा नववीत या. आयजीसीएसई झाल्यावर अकरावीला येऊ असं बरेच जण ठरवतात, पण आयजीसीएसईचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि सीबीएसईची अकरावी एप्रिलमध्येच सुरू झालेली असते. चार महिन्यांचा भौतिकशास्त्राचा अभ्यास मागे पडलेलं मूल ऑगस्टच्या उकाड्यात दोन-दोन शिकवण्या करतं.

वय आणि वर्ग कसा जुळवायचा?

ब्रिटिश मोजणी भारतीय इयत्तेच्या एक आकडा पुढे असते. भारतीय पहिली म्हणजे ब्रिटिश दुसरं वर्ष, दहावी म्हणजे अकरावं वर्ष, बारावी म्हणजे तेरावं. छोट्या वर्गांत एफएस (फाउंडेशन स्टेज) २ म्हणजे केजी १ आणि पहिलं वर्ष म्हणजे केजी २. ‘इयर फाइव्हला प्रवेश मिळाला’ हे ऐकून आजी-आजोबा नातवाने वर्ग उडवला असं समजतात. तसं नसतं, ती आपली चौथीच.

एप्रिलमध्ये सुरू होणाऱ्या शाळांसाठी वय ३१ मार्चला मोजतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्यांसाठी ते ३१ ऑगस्टला मोजत असत, पण २०२६-२७ पासून ही तारीख ३१ डिसेंबर झाली आहे. एफएस १ ला ३ वर्षं पूर्ण, केजी १ किंवा एफएस २ ला ४, केजी २ ला ५, पहिलीला ६. उदाहरण घ्या: मुलीचा जन्म २० ऑक्टोबर २०२२ चा. ३१ डिसेंबर २०२६ ला ती चार वर्षांची असते, म्हणून ब्रिटिश शाळेत ऑगस्ट २०२६ ला एफएस २ मध्ये बसते. जुन्या नियमाने ती एफएस १ मध्ये गेली असती. सीबीएसई शाळेत मात्र ३१ मार्च २०२६ ला तिला चार पूर्ण नाहीत, म्हणून केजी १ साठी एप्रिल २०२७ पर्यंत थांबावं लागेल. तारखेच्या काठावरच्या मुलाला पुढे ढकलण्याची घाई करू नका. वर्गातलं सगळ्यात लहान मूल पहिली दोन वर्षं गोड दिसतं, सातवी-आठवीत ते दमतं.

एप्रिल आणि सप्टेंबरच्या वर्षांमधला गोंधळ कसा टाळायचा?

भारतातून मार्चमध्ये तिसरी पूर्ण करून आलेलं मूल ब्रिटिश शाळेत गेलं तर एप्रिल ते जुलै चौथ्या वर्षाचं शेवटचं सत्र करून सप्टेंबरला पाचव्या वर्षात जातं. काहीच बुडत नाही. उलट इंग्रजी बोलण्याची सवय व्हायला एक सत्र मिळतं. म्हणून सीबीएसईतून ब्रिटिशकडे जायची उत्तम वेळ एप्रिल.

उलट दिशेने अवघड. पाचव्या वर्षात, म्हणजे आपल्या चौथीत शिकणारं मूल एप्रिलमध्ये सीबीएसईत आणलं तर दाखल्यावर पूर्ण झालेला वर्ग तिसरीच असतो. त्यामुळे बहुतेकदा चौथीतच बसावं लागतं आणि सात महिने परत होतात. हे होणार असेल तर मुलाला आधी सांगा. ‘नापास झालो का?’ हा प्रश्न त्याच्या मनात येतोच.

केएचडीएचं रेटिंग कसं वाचायचं?

दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए ही सरकारी संस्था देखरेख करते. २००८ पासून तपासणीचे अहवाल निघू लागले. श्रेणी सहा: उत्कृष्ट, अतिशय चांगली, चांगली, स्वीकारार्ह, कमकुवत, अतिशय कमकुवत. सगळे अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात.

पालक पहिल्या पानावरची श्रेणी बघतात आणि थांबतात. खरा मजकूर आतल्या तक्त्यांत असतो. आपल्या मुलाचा टप्पा शोधा, मग त्यापुढे इंग्रजी, गणित आणि विज्ञान यांच्या ‘प्रगती’चा रकाना बघा. ‘साध्य’ म्हणजे मुलं कुठे आहेत, ‘प्रगती’ म्हणजे शाळेने त्यांना किती पुढे नेलं. हुशार मुलंच निवडून घेणाऱ्या शाळेचं साध्य उत्तम असतं, त्यात शाळेचं कर्तृत्व किती हे प्रगतीवरून कळतं. दुसरं, शिक्षक बदलाचं प्रमाण. वर्षाला चौथा हिस्सा शिक्षक सोडून जात असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्यालाही मध्येच नवी बाई येणार हे धरून चाला.

आणखी एक: २०२४-२५ मध्ये बहुतेक शाळांची पूर्ण तपासणी झाली नाही. त्यामुळे अहवालावरचं वर्ष बघा. तेव्हाचे मुख्याध्यापक आज आहेत का, हेही विचारा. मुख्याध्यापक बदलले की दोन वर्षांत शाळा वर जाते किंवा खाली येते.

अबू धाबीत हे काम अडेक करते, शारजात शारजा खासगी शिक्षण प्राधिकरण. अमिरात बदलली की नियम बदलतात.

फी खरी किती येते?

भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा वर्षाला काही हजार दिरहॅमपासून वीस हजारांपर्यंत, थोड्या त्याहून वर. ब्रिटिश आणि आयबी शाळांत मोठ्या वर्गांची फी लाखाच्या पुढेही जाते. वर्ग वाढेल तशी फी वाढते, म्हणून आजची फी बघून हिशेब करू नका. मुलाच्या शेवटच्या वर्षाची फी याच तक्त्यात तळाशी असते, ती बघा.

४५,००० दिरहॅम शिकवणी फी असलेली शाळा घेऊ. अर्ज फी जास्तीत जास्त ५००. नोंदणीची रक्कम नव्या विद्यार्थ्याला शिकवणी फीच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४,५००. ती पुढे फीतून वजा होते, पण जागा नाकारली तर परत मिळत नाही. जुन्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षासाठी हीच रक्कम ५ टक्क्यांपर्यंत. यावर बस धरा, अंतराप्रमाणे चार ते आठ हजार. गणवेश दोन-तीन जोड आणि खेळाचा वेगळा, त्यावर ५ टक्के व्हॅट. शिकवणी फीवर व्हॅट प्रत्यक्षात लागत नाही. मोठ्या वर्गात लॅपटॉप किंवा टॅब्लेट, आणि दहावी-बारावीच्या परीक्षांची फी वेगळी. शाळेनंतरचे खेळ आणि संगीत हेही बऱ्याचदा वेगळं बिल. ४५ हजारांची शाळा ५५ ते ६० हजारांवर जाऊन थांबते.

फीवाढ शाळेच्या मर्जीवर नाही. केएचडीए दरवर्षी शैक्षणिक खर्च निर्देशांक जाहीर करते आणि शाळा त्याच्या चौकटीत वाढ मागते. २०२५-२६ साठी हा निर्देशांक २.३५ टक्के होता.

मध्येच दुबई सोडावं लागलं तर फी परत मिळते का?

सत्र सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत सोडलं तर एक महिन्याची फी कापतात. दोन आठवडे ते एक महिना, दोन महिन्यांची. त्यापुढे पूर्ण सत्राची. नोकरी जाण्याची कुणकुण लागली असेल तर सत्राचा पहिला महिना उलटण्याआधी निर्णय घ्या. आणि देणी बाकी असतील तर दाखला अडकतो, हे विसरू नका.

कंपनी फी देणार आहे. मग काळजी कसली?

पत्रात चार गोष्टी शोधा: किती मुलांसाठी, कुठल्या वयापासून, वर्षाला कमाल किती, आणि पैसे शाळेला थेट जातात की आधी तुम्ही भरून मग मिळतात. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ऑगस्टमध्ये घराचं भाडं, डिपॉझिट आणि पहिल्या सत्राची फी एकाच महिन्यात येते. बस आणि गणवेश बहुधा तुमच्याच खिशातून. नोकरी बदलली आणि नव्या कंपनीने फी दिली नाही तरी ही शाळा परवडेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर एक पायरी खालची शाळा निवडणं शहाणपणाचं.

भारतातून निघण्यापूर्वी कुठली कागदपत्रं तयार ठेवायची?

पासपोर्ट, जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, मागच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका, फोटो. व्हिसा आणि एमिरेट्स आयडी तिथे झाल्यावर. हे सोपं आहे. घोडं अडतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्यावर.

दुसरीपासून पुढच्या वर्गात प्रवेश घेणाऱ्या मुलाला हा दाखला लागतो आणि भारतातून येणाऱ्यांना तो साक्षांकित करून लागतो. संयुक्त अरब अमिराती अपोस्टिल करारात (एकाच शिक्क्यावर कागदपत्रं मान्य करणाऱ्या देशांच्या करारात) नाही, त्यामुळे अपोस्टिलचा स्टिकर लावून भागत नाही. साखळी अशी: शाळेचा दाखला, त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी (सीबीएसई शाळेचा असेल तर मंडळाचं प्रादेशिक कार्यालय), मग राज्य पातळीवरचं साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालय, यूएईचा दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास, आणि शेवटी दुबईत परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. एक दुवा सुटला तर पुढचा शिक्का मिळत नाही. तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. मे महिन्यात शाळा-कार्यालयं सुटीच्या वेळापत्रकात असतात, म्हणून एप्रिलमध्येच दाखला हातात घ्या.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नाव पासपोर्टशी जुळतं का? आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असतो, कधी आडनाव आधी. पासपोर्टमध्ये आडनाव वेगळ्या रकान्यात जातं आणि वडिलांचं नाव कधी येतं, कधी नाही. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी एकच आहे का? ‘इयत्ता चौथी पूर्ण, पाचवीत जाण्यास पात्र’ असं स्पष्ट लिहिलंय का? नुसतं ‘शिकत होता’ असेल तर वर्ग खाली धरला जाऊ शकतो. चूक सापडली तर लगेच सांगा, कारण जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापक एकट्याने करू शकत नाहीत, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दुबईतून हे करवून घ्यायचं म्हणजे काकांना किंवा मामांना रजा टाकून जिल्हा परिषदेत पाठवायचं. मराठी माध्यमाच्या शाळेचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजीत मागून घ्या. ते शक्य नसेल तरच भाषांतर.

प्रवेश चाचणीत काय असतं? क्लास लावावा का?

ब्रिटिश आणि आयबी शाळांत बहुधा कॅट-४ नावाची चाचणी संगणकावर घेतात: शब्द, आकडे, आकृत्या आणि अवकाश असे चार भाग. वयाच्या मानाने सरासरी गुण १०० धरलेले असतात. ही विचारक्षमतेची चाचणी आहे, पाठांतराची नाही, म्हणून क्लासची गरज नाही. एकदा आकृत्यांचे नमुने दाखवून ठेवा, म्हणजे पडद्यावर अनोळखी वाटणार नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा शब्दांचा भाग कमी आणि आकृत्यांचा भाग चांगला येतो. हा फरक म्हणजे बुद्धी कमी नाही, इंग्रजीची सवय कमी, आणि चांगली शाळा हे ओळखते. ‘इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलांसाठी मदत कशी देता, वर्गातच की बाहेर काढून, आणि तिचे पैसे वेगळे का?’ हे विचारा.

शाळा बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं?

प्रवेश विभागातली व्यक्ती तुम्हाला प्रेक्षागृह आणि तलाव दाखवेल. बघा, पण मग नम्रपणे तुमच्या मुलाच्या वर्गातल्या दोन वह्या मागा, गणिताची आणि लेखनाची. बाईंच्या शेऱ्याखाली मुलाने काही केलंय का ते बघा. ‘उणे चिन्ह विसरलास, पुन्हा सोडव’ असं लिहिलंय आणि खाली मुलाने ते पुन्हा सोडवलंय, तर वर्गात शिकवणं चालू आहे. नुसत्या हिरव्या खुणा आणि तारे असतील तर वही तपासली गेली आहे, इतकंच. भिंतीवर तीस मुलांची तीस एकसारखी चित्रं टांगली असतील तर तेही लक्षात घ्या.

दुसरी भेट शाळा सुटायच्या वेळी द्या, न सांगता, बाहेरून. बसच्या रांगा कशा लागतात, छोटी मुलं उन्हात किती उभी राहतात, सुपरवायझर मुलांना नावाने हाक मारते का? सप्टेंबरात दुपारी पारा चाळिशीच्या आसपास असतो, दहा मिनिटंही खूप.

आणि नको असलेला प्रश्न विचाराच: गेल्या वर्षी या वर्गातून किती मुलं शाळा सोडून गेली आणि का? आकडा मोठा असला तरी कारण सरळ सांगणारी शाळा चांगली.

घर आधी की शाळा?

शाळा. शारजात भाडं कमी म्हणून राहून दुबईतली शाळा घेतली तर सकाळच्या वाहतुकीत बस तासभर आणि वर लागते, आणि मूल साडेपाचला उठतं. एकेरी प्रवास चाळीस मिनिटांच्या आत ठेवा. शुक्रवारी शाळा साडेअकरापर्यंत सुटते, त्या दिवशी मूल घरी येईल तेव्हा कोण असेल हेही ठरवा.

मुलाला शिकण्यात अडचण असेल तर शाळा नकार देऊ शकते का?

केवळ त्या कारणावरून नाही. केएचडीएने २०१७ मध्ये सर्वसमावेशक शिक्षणाची चौकट आणली आणि शाळांवर तशी जबाबदारी आहे. प्रत्यक्षात स्वतंत्र सहायक शिक्षिकेचा खर्च बऱ्याचदा पालकांवर येतो आणि तो शाळेच्या फीइतका होऊ शकतो. म्हणून आकडा लेखी मागा. भारतातले अहवाल लपवू नका. प्रवेशाच्या भीतीने लपवलेली गोष्ट पहिल्या महिन्यात उघडी पडते आणि त्यात मुलाचे ते महिने मदतीविना जातात.

अरबी सक्तीची आहे का? आणि मराठीचं काय?

अरबी मातृभाषा नसलेल्या मुलांनाही ती नववीपर्यंत शिकावी लागते. नैतिक आणि सामाजिक शिक्षणाचा विषयही असतो. सातवी-आठवीत नव्याने आलेल्या मुलाला अरबीत वर्षानुवर्षं शिकलेल्यांसोबत बसवतात की नवशिक्यांचा गट आहे, हे जरूर विचारा.

मराठी बहुतेक शाळांत मिळत नाही. सीबीएसईच्या विषययादीत ती आहे, पण शिक्षक आणि पुरेशी मुलं असल्याशिवाय कुठलीच शाळा ती चालवत नाही. म्हणून ही जबाबदारी घराची आणि मराठी मंडळांच्या सुटीच्या दिवशीच्या वर्गांची. नुसतं बोलणं पुरत नाही. रोज पंधरा मिनिटं देवनागरी वाचन आणि चार ओळी लेखन ठेवा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, मूल ज्या इयत्तेत आहे त्याच्या एक इयत्ता मागचं पुस्तक घ्या म्हणजे कंटाळा येत नाही.

हा नुसता भावनेचा विषय नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. सहावीत परतलेल्या मुलाला जोडाक्षरं वाचता येत नसतील तर इतर सगळ्या विषयांत पुढे असूनही ते पहिल्याच घटक चाचणीत खट्टू होतं.

वेटिंग लिस्टवर ठेवलं तर?

क्रमांक विचारा आणि ‘त्या वर्गात किती तुकड्या?’ हेही. सहा तुकड्यांच्या वर्गात दहावा क्रमांक चांगला, एका तुकडीच्या वर्गात तिसराही अवघड. जून-जुलैत बदल्या होतात, तेव्हा जागा सुटतात. तोवर दुसऱ्या शाळेची जागा सोडू नका, आणि दोन ठिकाणी नोंदणीची रक्कम भरताना एक बुडणार हे धरा.

परत भारतात येताना काय करून घ्यायचं?

शाळेला लेखी सूचना किती दिवस आधी द्यायची ते करारात असतं. दाखला घेताना भारतातल्या नव्या शाळेला आधीच विचारा की त्यांना केएचडीए, यूएई परराष्ट्र मंत्रालय आणि भारतीय वाणिज्य दूतावास यांपैकी कुणाकुणाचे शिक्के हवेत. दुबईत हे काही दिवसांचं काम आहे, पुण्याहून करायला गेलं तर काही महिन्यांचं. ब्रिटिश वर्षाचा आकडा भारतीय इयत्तेत मांडलेलं पत्र शाळेच्या लेटरहेडवर घ्या, नाहीतर ‘इयर सिक्स’ वाचून कारकून मुलाला सहावीत नोंदवतो, आणि ती असते पाचवी.